श्रद्धेने तारण : ख्रिस्ती कृपाविचाराचा अर्थ



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही श्रोत्यांच्या मनात एक शंका आली असेल. एका परधर्मातला हा सिद्धान्त, तोही त्या धर्मातल्या शास्त्रीपंडितांनी शतकानुशतके खल करून बराच गुंतागुंतीचा केलेला. त्याच्याशी आपल्याला काय कर्तव्य? माझे उत्तर असे की, या सिद्धान्ताच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो कोणत्याही एका धर्माचा नाही. माणसाची किंमत कशावरून ठरते, हा तो प्रश्न. ती कुळावरून ठरते, कर्तृत्वावरून ठरते, आचारशुद्धीवरून ठरते, की पुण्याच्या खात्यावर जमा असलेल्या रकमेवरून ठरते? आपण सगळे रोजच्या व्यवहारात या प्रश्नाचे काहीतरी उत्तर गृहीत धरूनच एकमेकांशी वागत असतो. ख्रिस्ती परंपरेने त्याला एक उत्तर दिले, आणि ते इतके अवघड निघाले की खुद्द त्या परंपरेलाच ते वारंवार पेलवले नाही. त्या उत्तराचा आणि त्या न पेलण्याचा इतिहास मला आज आपल्यापुढे मांडायचा आहे. मी येथे धर्मप्रचारासाठी उभा नाही आणि खंडनासाठीही नाही. एखादा विचार स्वीकारण्यापूर्वी किंवा नाकारण्यापूर्वी तो नीट समजून घ्यावा, एवढीच माझी भूमिका आहे.

सिद्धान्त थोडक्यात असा आहे. मनुष्याचे तारण ईश्वराच्या कृपेने होते; ती कृपा श्रद्धेच्या द्वारे मनुष्यापर्यंत पोहोचते; आणि हे तारण कोणत्याही सत्कृत्याची मजुरी म्हणून मिळत नाही. आपल्याकडे हा विचार बहुधा दोन विपर्यस्त रूपांत ऐकू येतो. पहिले रूप सौद्याचे आहे. अमुक एका नावावर विश्वास ठेवल्याचे कबूल करा, म्हणजे त्या बदल्यात स्वर्गाचे तिकीट मिळेल. दुसरे रूप सवलतीचे आहे. पापे काहीही करा, शेवटी माफी आहेच. हाच जर या सिद्धान्ताचा अर्थ असता तर त्यासाठी कोणी आयुष्य वेचले नसते, आणि आपणही त्यावर एक संध्याकाळ खर्च करण्याचे कारण नव्हते.

प्रथम शब्द तपासू. आपल्या परिचयाचा शब्द मोक्ष. त्यात सुटका आहे ती जन्ममरणाच्या फेऱ्यातून. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात रुळलेला शब्द तारण. त्यात बुडणारा एक आहे आणि हात देणारा दुसरा आहे. बुडणाऱ्याने आपल्याच शेंडीला धरून स्वतःला पाण्याबाहेर काढावे, ही गोष्ट घडत नाही. पाप हा शब्दही येथे थोडा वेगळ्या अर्थाने घ्यावा लागतो. सुट्या सुट्या दुष्कृत्यांची यादी एवढाच त्याचा अर्थ नाही. मनुष्याच्या इच्छेलाच लागलेला एक वाकडेपणा, ज्यामुळे तो चांगले काम करतानाही स्वतःभोवतीच फिरत राहतो, त्या मूळ अवस्थेला ते नाव आहे. कृपेसाठी मूळ ग्रीक शब्द खारिस असा आहे. त्याचा अर्थ मेहेरबानी, देणगी. ज्याच्यावर घेणाऱ्याचा हक्क नाही ते. श्रद्धेसाठी पिस्तिस हा शब्द आहे, आणि त्याच्यात विश्वास, भरवसा आणि निष्ठा असे तिन्ही अर्थ एकवटले आहेत. एखादे विधान खरे मानणे वेगळे आणि एखाद्यावर भरवसा टाकणे वेगळे. शस्त्रवैद्य निष्णात आहे हे कबूल करणारे पुष्कळ असतात. त्याच्या मेजावर जाऊन निजतो तो एखादाच. पिस्तिस म्हणजे ते निजणे. शस्त्रक्रिया रोग्याने केली असे कोणी म्हणत नाही. पण तो निजला नसता तर ती झालीही नसती.

आता या सिद्धान्ताचा जन्म कोठे झाला ते पाहू. तो एखाद्या अभ्यासिकेत किंवा ध्यानगुंफेत जन्मला, अशी आपली कल्पना असेल, तर ती सोडून द्यावी लागेल. तो जेवणाच्या पंगतीत जन्मला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या अंत्युखिया शहरात, येशूच्या अनुयायांत यहुदीही होते आणि अन्यजातीयही होते. दोघे एकत्र जेवत. येशूचा ज्येष्ठ शिष्य पेत्र तेथे आला तेव्हा तोही त्या पंगतीत बसला. पुढे यरुशलेमहून याकोबाकडची काही मंडळी आली. ती काय म्हणतील या भीतीने पेत्र पंगतीतून उठला आणि वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतर यहुदी उठले; पौलाचा जिवलग सहकारी बर्णबा, तोही उठला. तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला धारेवर धरले. ही हकीकत पौलाने स्वतः गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात दिली आहे, आणि तिच्याच ओघात, लगेच पुढे, मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे तर ख्रिस्तावरील श्रद्धेने नीतिमान ठरतो, हा त्याचा प्रसिद्ध सिद्धान्त येतो.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना या प्रसंगाची फोड करून सांगण्याची गरज नाही. पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो यावर आपल्याकडे किती भांडणे झाली, किती बहिष्कार पडले, हे आपण जाणतो. पौलाचा युक्तिवाद सरळ आहे. ईश्वराने दोघांनाही एकाच अटीवर जवळ केले आहे, आणि ती अट म्हणजे कोणतीही लायकी नसणे. मग ज्या लायकीला ईश्वराच्या दारात किंमत नाही, ती लायकी जेवणाच्या पाटावर कोठून आली? कृपेच्या सिद्धान्ताचा पहिला अर्थ हा असा सामाजिक आहे. माणसाने मिरवावे असे काही उरत नाही, आणि म्हणून दुसऱ्याला दूर ठेवण्याचे कारणही उरत नाही.

येथे एका अन्यायाचे निवारण केले पाहिजे. पौलाच्या या वादावरून, यहुदी धर्म म्हणजे केवळ कर्मकांडाचा आणि पुण्याच्या हिशेबाचा धर्म, असे चित्र ख्रिस्ती लेखकांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगवले. १९७७ साली ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने पौल आणि तत्कालीन पॅलेस्टाइनमधील यहुदी धर्म यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हे चित्र चुकीचे असल्याचे साधार दाखवले. यहुद्यांच्या दृष्टीनेही ईश्वराने त्यांना निवडले ते कृपेनेच. नियमशास्त्र पाळणे हा त्या करारात राहण्याचा मार्ग होता, त्यात शिरण्याची ती किंमत नव्हती. सँडर्सच्या सर्वच निष्कर्षांवर एकमत झालेले नाही, पण जुने व्यंगचित्र आता कोणी जबाबदार अभ्यासक काढीत नाही. परधर्माविषयी बोलताना सोयीचे व्यंगचित्र काढण्याचा मोह किती जुना आहे आणि किती टिकतो, याचे हे उदाहरण आहे; ते आपणही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पौलाच्याही आधी, येशूच्या दृष्टान्तांत हा विचार गोष्टीच्या रूपाने आलेला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट आहे. धनी पहाटे मजूर लावतो आणि दिवसाची मजुरी एक दिनार ठरवतो. पुन्हा दिवस वर आल्यावर, दुपारी, तिसऱ्या प्रहरी तो बाहेर पडतो आणि आणखी मजूर आणतो. दिवस मावळायला तासभर उरला असता काही माणसे अजून नाक्यावर उभीच असतात; कारण त्यांना कोणी कामावर लावलेलेच नसते. त्यांनाही तो मळ्यात धाडतो. संध्याकाळी सर्वांना सारखाच एक दिनार मिळतो. पहाटेपासून उन्हात राबलेले मजूर कुरकुरतात. आपल्यापैकी कोणीही कुरकुरला असता, आणि ही गोष्ट सांगणाऱ्याला ते पक्के ठाऊक आहे. तिची धारच तेथे आहे. धन्याने कोणाचे ठरलेले बुडवले नाही. ज्यांना कमी मिळायचे त्यांना त्याने अधिक दिले, इतकेच. शिवाय दिनार ही एका कुटुंबाच्या एका दिवसाच्या पोटापुरती मजुरी. तासभर काम केलेल्या माणसाच्या घरची भूक मात्र पूर्ण दिवसाचीच असते. न्याय काम मोजतो, कृपा भूक पाहते. आणि पहाटेच्या मजुरांचे खरे दुःख स्वतःच्या मजुरीचे नसून शेजाऱ्याच्या मजुरीचे असते.

पुढची मोठी चर्चा चौथ्या-पाचव्या शतकांत, उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीन या आचार्याच्या काळात झाली. ऑगस्टीनचा जन्म इ. स. ३५४चा, मृत्यू ४३०चा. तरुणपणी त्याला चांगले काय ते कळत होते, पटत होते, आणि तरीही ते करण्याची इच्छा मनातल्या मनात दुभंगलेली होती. इ. स. ३८६ मध्ये मिलान येथे त्याचे मनःपरिवर्तन झाले, आणि त्यानंतर लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्याने हा दुभंग असा काही उलगडला की तो ग्रंथ आजही आत्मचरित्रांच्या परंपरेत अग्रभागी मानला जातो. त्याच्यासमोर उभा राहिला पेलागियस. हा ब्रिटनमधून आलेला विरक्त, रोममध्ये शुद्ध आचरणाचा उपदेश करणारा. त्याचे म्हणणे असे, की ईश्वराने आज्ञा दिली आहे त्या अर्थी ती पाळण्याचे सामर्थ्यही माणसाला दिले आहे. सबब पुढे करू नका, प्रयत्न करा. हे ऐकून आपल्यातल्या पुष्कळांना पेलागियसच जवळचा वाटेल. शाळामास्तरांना आणि सुधारकांना तर तो नक्कीच वाटेल. ऑगस्टीनचे उत्तर असे, की लंगड्याला रस्ता दाखवला म्हणून तो चालू लागत नाही. इच्छाच आजारी असेल तर इच्छाशक्तीच्या उपदेशाने ती बरी कशी होणार? चांगुलपणाची ओढ हीसुद्धा बाहेरून मिळालेली देणगीच आहे. इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसच्या मताचा निषेध केला.

परंतु ऑगस्टीनच्या विजयाबरोबर एक बिकट प्रश्नही घरात आला. ओढसुद्धा जर ईश्वरच देत असेल, तर ती तो सगळ्यांना का देत नाही? ऑगस्टीन अखेरीस या निष्कर्षाला पोहोचला, की काहींची निवड ईश्वराने आधीच केलेली आहे. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने हाच धागा अधिक कठोरपणे ओढला. ज्या सिद्धान्ताने माणसाचा गर्व उतरवायचा, त्यातूनच निवडलेले आणि टाकलेले अशी नवी उतरंड उभी राहण्याचा धोका निर्माण झाला. ख्रिस्ती विचाराला या कोड्याचे सर्वमान्य उत्तर आजतागायत सापडलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आता मार्टिन ल्यूथर. जन्म १४८३. १५०५ साली वादळात सापडून विजेच्या भयाने त्याने संन्यास घेण्याचा नवस केला आणि एर्फुर्टच्या मठात प्रवेश केला. मठात त्याने उपास केले, जागरणे केली, तासन्‌तास पापनिवेदन केले. पण एक पाप कबूल करून झाले की विसरलेले दुसरे आठवे. ईश्वराचे नीतिमत्त्व हा शब्द वाचला की त्याच्या अंगावर काटा येई. कारण नीतिमान ईश्वर म्हणजे शिक्षा करणारा न्यायाधीश, असाच अर्थ त्याला शिकवला गेला होता. विटेनबर्गला रोमकरांस पत्र शिकवीत असता त्या काळात केव्हातरी त्याच्या ध्यानात आले, की पौलाच्या लेखी हे नीतिमत्त्व ईश्वर माणसाकडे मागत नाही, तो ते माणसाला देतो. हा अनुभव त्याने पुढे १५४५ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, लिहून ठेवला.

दरम्यान ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने क्षमापत्रांच्या व्यवहाराविरुद्ध आपली ९५ कलमे पुढे आणली होती. चर्चच्या शास्त्रानुसार क्षमापत्राने पाप माफ होत नसे. पाप माफ झाल्यावरही भोगावयाचा जो दंड उरतो तो कमी होत असे. पण गावोगाव ती पत्रे विकणाऱ्यांनी हा बारीक भेद सांगत बसण्याची तसदी घेतली नाही, आणि गोरगरीब जनता मेलेल्या आईबापांच्या सुटकेसाठी पैसे मोजत राहिली. त्या पैशाचा एक वाटा रोममधल्या संत पेत्राच्या महामंदिराच्या बांधकामाला जाई, आणि एक वाटा मेंझच्या आर्चबिशपाने फुगर या सावकारी पेढीकडून काढलेले कर्ज फेडण्यात जाई. कृपा फुकट आहे, हे वाक्य अशा बाजारात उच्चारणे म्हणजे एका मोठ्या व्यापाराच्या मुळावर घाव घालणे होते.

यानंतर पश्चिमेकडचे चर्च दुभंगले. त्या वादाचे मर्म आपल्या मराठीत दोन क्रियापदांत सांगता येते : ठरवणे आणि करणे. मराठी बायबलात नीतिमान ठरवणे असा शब्दप्रयोग आहे, आणि मूळ ग्रीक क्रियापद न्यायालयातल्या निर्णयाचेच आहे. लॅटिनमध्ये जे क्रियापद आले त्याची फोड मात्र नीतिमान करणे अशी होते, आणि ऑगस्टीनपासून पश्चिमेने ते त्याच अर्थाने वाचले. ल्यूथर म्हणाला, ईश्वर पाप्याला पापी असतानाच आपला ठरवतो. म्हणून श्रद्धाळू माणूस एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही असतो. कॅथलिक आचार्य म्हणाले, ईश्वराचा शब्द पोकळ नसतो. तो ज्याला नीतिमान म्हणतो त्याला आतून तसा घडवतोही, आणि त्या घडण्यात मनुष्याने साथ द्यावी लागते. १३ जानेवारी १५४७ रोजी ट्रेंटच्या धर्मसभेने हा निर्णय दिला. कॅथलिक पंथ कर्माने तारण मानतो, असे जे सर्रास बोलले जाते ते खरे नाही. कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी कोणी नीतिमान होऊ शकत नाही, हे त्याच सभेने आपल्या पहिल्याच निषेधसूत्रात सांगितले आहे. वाद कृपा हवी की नको असा नव्हताच. कृपेने माणसाला जवळ केले की त्याच्यात काय होते, हा तो वाद होता.

या वादात पुढे दीड-दोनशे वर्षे युरोपात रक्त सांडले; त्यात राजकारण होते, सत्ता होती, जमिनीही होत्या. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक संघ यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. आमच्यातील कोणत्याही पुण्यामुळे नव्हे तर केवळ कृपेने ईश्वर आम्हाला स्वीकारतो आणि सत्कृत्यांसाठी समर्थ करतो, असा त्याचा आशय. मेथडिस्टांनी २००६ साली आणि कॅल्व्हिनपरंपरेतल्या रिफॉर्म्ड चर्चेसनी २०१७ साली त्याला संमती दिली. सर्व मतभेद मिटले असे नाही, पण ज्या कारणासाठी एकमेकांना शाप दिले ते शाप आता लागू नाहीत, एवढे त्यांनी मान्य केले. याला साडेचारशे वर्षे लागली.

मग सत्कृत्यांचे काय? बायबलातच याकोबाचे एक पत्र आहे, आणि कृतीवाचून असलेली श्रद्धा निर्जीव आहे, असे ते बजावते. ल्यूथरला ते पत्र आवडत नसे. पण याकोब ज्या श्रद्धेवर टीका करतो ती नुसती कबुली आहे. ईश्वर एक आहे हे तर भुतेही मानतात आणि कापतात, असे तो उपरोधाने म्हणतो. पौल ज्या श्रद्धेविषयी बोलतो ती भरवसा टाकण्याची आहे. दोघांचा रोख वेगळ्या रोगांवर आहे.

या ठिकाणी पौलाने वापरलेली एक उपमा आपल्याला फार उपयोगी पडेल. ती म्हणजे दत्तकाची. दत्तक घेतलेल्या मुलाला घराचे नाव, घरातली जागा आणि वारसा मिळतो तो पहिल्या दिवशी. त्या दिवसापर्यंत त्याने त्या घरासाठी काडीही हलवलेली नसते. पुढे तो मुलगा घरात काम करतो, पण ते पगारासाठी नव्हे आणि घरातून काढून टाकतील या धास्तीनेही नव्हे. घर आपले आहे म्हणून तो करतो. गडी आणि मुलगा एकच काम करताना दिसतील. त्यांच्या कामामागचे मन वेगळे असते. आपल्याकडे दत्तक घेणाऱ्यालाही गरज असे. वंश चालावा, पिंडदान व्हावे, इस्टेट भाऊबंदांत जाऊ नये. पौलाच्या उपमेतील पित्याला अशी कोणतीही गरज नाही. त्याला त्या मुलाखेरीज दुसरे काही नको आहे. सत्कृत्य हे तारणाचे मोल नव्हे, त्याचे फळ आहे, हे ख्रिस्ती वचन या दृष्टीने वाचावे.

तरीही सवलतीचा आक्षेप पूर्णपणे सुटत नाही, आणि तो सर्वांत तीव्रतेने एका ल्यूथरन धर्मोपदेशकानेच घेतला आहे. हिटलरच्या जर्मनीत चर्चमधली मंडळी दर रविवारी कृपेचे प्रवचन ऐकत होती आणि सोमवारी शेजारच्या यहुद्याचे दुकान फुटताना गप्प राहत होती. डीट्रिख बोनहोफर याने १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वस्त कृपा आणि मोलाची कृपा असा भेद केला. पश्चात्तापावाचून क्षमा, शिष्यत्वावाचून दिलासा, ही स्वस्त कृपा. आणि ती चर्चची वैरीण आहे. कृपा फुकट असते याचा अर्थ तिला किंमत पडत नाही असा नव्हे. देणाऱ्याने ती क्रुसावर मोजली आहे, आणि घेणाऱ्याचेही सगळे आयुष्य ती मागते. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत बोनहोफरला फाशी देण्यात आले.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. अपराध्याला क्षमा मिळाली, पण ज्याच्यावर अपराध झाला त्याचे काय? ईश्वर वर बसून क्षमा करील. खाली विधवा झालेली बाई आपली चूल कशी पेटवणार? या प्रश्नाला सोपे उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय याची कथा येथे आठवावी. येशू त्याच्या घरी जातो ते त्याने काही परत करण्यापूर्वीच; पण त्या भेटीनंतर जक्कय उभा राहून सांगतो की, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला नाडले त्याला चौपट परत करतो. स्वीकार आधी, हिशेब नंतर. पण हिशेब होतोच. ज्या कृपेने चौपट परत करण्याची बुद्धी होत नाही, ती कृपा आलीच नाही असे समजावे.

आपल्या परंपरेशी याचे नाते काय? दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत हाच वाद मार्जारन्याय आणि मर्कटन्याय या नावांनी झाला. मांजर पिलाला तोंडात धरून नेते, पिलू काही करीत नाही. माकडाचे पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते. तेंकलै पंथ पहिल्या पक्षाचा, वडकलै पंथ दुसऱ्या. रुडोल्फ ओटो या जर्मन पंडिताने १९३० साली भारतातील कृपाधर्म आणि ख्रिस्ती धर्म यांची तुलना करणारा ग्रंथच लिहिला. आपल्या वारकरी संतांच्या वाणीतही स्वतःच्या अपात्रतेची कबुली आणि देवाच्या ब्रीदावर टाकलेला भार ठायी ठायी आढळतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हा त्यांचा भाव महाराष्ट्राला परिचित आहे. त्याच्याही पूर्वी, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण मराठीत छापले, तेव्हा ही तारणकथा सांगायला त्यांना ओवीच योग्य वाटली.

पण साम्याच्या आनंदात फरक पुसू नये. भारतीय भक्तीच्या पाठीशी कर्माचा आणि पुनर्जन्माचा पट उभा असतो. कृपा त्या पटाचे धागे तोडते किंवा सैल करते. ख्रिस्ती विचारात तो पट नाही. तेथे एकच जन्म आहे आणि कृपेची एक ऐतिहासिक घटना आहे. एका रोमन सुभेदाराच्या अमदानीत, एका विशिष्ट टेकडीवर झालेला एक वध. हा आग्रहच पुष्कळांना अडतो. ज्यांच्या कानी ती घटना कधी गेलीच नाही त्यांचे काय, हा प्रश्न त्यातूनच निघतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली मान्य केले, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची वार्ता कळली नाही, पण जे मनापासून ईश्वराचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते. इतर काही पंथांना हे मान्य नाही.

महाराष्ट्रात या सिद्धान्ताचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यातल्या शारदासदनातील धर्मांतराच्या वादाने त्या काळी समाज ढवळून निघाला होता, आणि त्या वादात दोन्ही बाजूंनी बोललेले सगळेच योग्य होते असे आज कोणी म्हणणार नाही. पण येथे मला वेगळी गोष्ट सांगायची आहे. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. शास्त्रे मुखोद्गत असलेली ती विदुषी. एक धर्म सोडून तिने दुसरा घेतला, त्याचे नियम पाळले, तरी मनाला विसावा नव्हता. म्हणजे धर्मांतर हीसुद्धा एक कृती होऊ शकते, पुण्याच्या खात्यात मांडण्यासारखी. १८९१च्या सुमारास कृपा घेतली जाते, मिळवली जात नाही, हे त्यांना उमगले. आणि त्यानंतर त्या हातावर हात ठेवून बसल्या का? १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून भुकेल्या मुली केडगावला आणल्या, त्यांना लिहावाचायला, विणायला, छपाईचे काम करायला शिकवले, आणि १९२२ साली देह ठेवीपर्यंत हिब्रू व ग्रीक मूळ पाहून बायबलाचे मराठी भाषांतर पुरे करीत आणले. श्रद्धेने माणूस निष्क्रिय होतो, असे म्हणणाऱ्यांनी केडगावकडे पाहावे.

आणि तरी, सिद्धान्त मोठा असला म्हणून तो मानणारे मोठे होत नाहीत. कृपेचा एवढा मोठा प्रवक्ता ल्यूथर. त्याने १५४३ साली यहुद्यांविरुद्ध जे पुस्तक लिहिले ते आज ल्यूथरनांनीच लाजेने नाकारले आहे. आपल्या देशातल्या चर्चमध्ये जातवार बसण्याच्या जागा होत्या, स्मशानाच्या वेगळ्या कडा होत्या. कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी १८३३ साली दक्षिणेतल्या मंडळ्यांतून जातिभेद काढून टाकण्याचे फर्मान काढले, तेव्हा अनेकांनी चर्च सोडले पण जात सोडली नाही. पुढे जवळजवळ दीडशे वर्षांनी, १९८१ साली, बंगळूर येथील एका व्याख्यानात अरविंद निर्मळ यांनी भारतातल्या ख्रिस्ती धर्मशास्त्राला हाच जाब विचारला, आणि त्यातून दलित धर्मशास्त्राची चळवळ उभी राहिली. म्हणजे अंत्युखियाची पंगत अजून पुरती बसलेली नाही.

श्रोतेहो, हा सिद्धान्त आपण मानावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे. पण त्याने विचारलेला प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. आपण मुलांना पहिल्या नंबराच्या अटीवर जवळ करतो; म्हाताऱ्यांना उपयोग संपला की कोपऱ्यात बसवतो; तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला कोणी खोली भाड्याने देत नाही. लायकीच्या तराजूवर चालणारा समाज शिस्तीचा असेल, कार्यक्षमही असेल. पण त्यात राहणाऱ्या प्रत्येकाला, अगदी पहिल्या नंबरावाल्यालाही, आपण उद्या वजनात कमी भरू ही धास्ती असतेच. आधी स्वीकार आणि मग सुधारणा, असा क्रम लावून पाहणे शक्य आहे का, असे हा जुना विचार आपल्याला विचारतो. तो क्रम लावायला ख्रिस्ती असावेच लागते असे नाही. मात्र नुसते ख्रिस्ती असल्याने तो लागतो असेही नाही, हे त्या धर्माचा दोन हजार वर्षांचा इतिहासच सांगतो.